मुलीचं नाव आधी देवनागरीत लिहा

मुलगी झाली की पूर्वी नातेवाईक विचारायचे, ‘नाव काय ठेवलं?’ आता त्याच्या पाठोपाठ दुसरा प्रश्न येतो, ‘स्पेलिंग काय?’ या दुसऱ्या प्रश्नावरून घराघरांत जे वाद रंगतात, ते ऐकून वाईट वाटतं. एका बाजूला तरुण आईबाप म्हणतात, लेक आमची, स्पेलिंगही आमचं. शेवटी दोन ‘ए’ लावू नाहीतर तीन. दुसऱ्या बाजूला वडीलधारी मंडळी म्हणतात, असलं वेडंवाकडं लिहून तुम्ही संस्कृती बुडवलीत. वाद तावातावाने होतो, पण तो चुकीच्या जागी चालला आहे. मुलीचं नाव म्हणजे त्याचं रोमन लिपीतलं रूप, हे दोन्ही बाजूंनी न बोलता मान्य करून टाकलेलं असतं. भांडण फक्त त्या रूपाच्या नटव्या किंवा साध्या असण्यावर उरतं. मला मूळ गृहीतकच मान्य नाही. नाव आधी देवनागरीत ठरवावं, ऱ्हस्वदीर्घासकट ठरवावं, आणि मग मराठी घरात ते जसं उच्चारलं जातं तसंच, शक्य तितक्या साध्या रोमन अक्षरांत उतरवावं. अंकशास्त्रासाठी, वेगळेपणासाठी किंवा परक्या जिभेच्या सोयीसाठी त्यात फेरफार करू नये. परक्या जिभेची एवढी काळजी वाटत असेल तर खुशाल दुसरं नाव निवडावं. निवडलेल्या नावाचा उच्चार मोडू नये.

एवढा आग्रह कशासाठी? कारण बाळाचं नाव पाळण्यातून उतरून फार लवकर कागदावर जातं आणि कागदावरून ते सहजी हलत नाही. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याप्रमाणे जन्माची खबर २१ दिवसांत द्यायची असते, पण नाव त्याच वेळी दिलं पाहिजे असं नाही. नावाशिवाय नोंद होते. पुढे १२ महिने विनाशुल्क आणि त्यानंतर विलंब शुल्क भरून १५ वर्षांपर्यंत नाव घालता येतं. विचार करायला कायद्याने आईबापांना इतका वेळ दिलेला आहे. तो आपण वापरत नाही आणि दवाखान्यातून घरी येताच घाईघाईने नाव देऊन टाकतो. दुसरीकडे त्या कागदाचं वजन वाढलं आहे. या कायद्यातली दुरुस्ती १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झाली. तेव्हापासून जन्मलेल्या मुलांसाठी शाळाप्रवेश, वाहन परवाना, मतदारयादी, विवाहनोंदणी, सरकारी नोकरी अशा सगळ्या ठिकाणी जन्मतारीख आणि जन्मस्थळाचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच चालतो. लहानग्यांचं आधार त्याच दाखल्यावरून निघतं, आणि आधारवरचं नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं. शाळेत ‘अपार’ हा विद्यार्थ्याचा ओळख क्रमांक काढायचा तर शाळेच्या नोंदीतलं नाव आधारशी जुळावं लागतं. नावात याहून मोठा बदल हवा असेल तर राजपत्रात नाव छापून आणण्याची वाट धरावी लागते. एका अक्षराची हौस मुलीच्या मागे इतक्या कचेऱ्यांतून फिरते.

नोंदणीच्या खिडकीपाशी किंवा सेतू केंद्रात थोडा वेळ उभं राहिलं तर गफलत कुठे होते ते दिसतं. बापाच्या हातात घडी घातलेली चिठ्ठी असते. तिच्यावर नाव रोमन कॅपिटल अक्षरांत लिहिलेलं, एखादं जादा अक्षर पेनाने दोनदा गिरवलेलं, की ते सुटता कामा नये. ऑपरेटर ते अक्षर अक्षर बघून टंकतो आणि शेजारच्या मराठीच्या चौकटीत देवनागरी नाव आपोआप उमटतं. ‘ऋजुता’ची ‘रुजुता’ होते, ‘शाल्मली’ची ‘शलमली’. ऑपरेटर पडदा थोडा वळवून म्हणतो, ‘मराठीत बरोबर आहे का बघा.’ बापाची नजर रोमन चौकटीवर खिळलेली असते. जादा अक्षर जागेवर आहे याची खात्री करून तो म्हणतो, ‘हो हो, चालेल.’ त्या एका ‘चालेल’ने मुलीचं मराठी नाव ठरतं. ते कुणी ठरवलं? आईने नाही, आत्याने नाही, आजीनेही नाही. यंत्राने केलेला अंदाज कायम झाला, इतकंच.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप असा, की मुलीचं आयुष्य रोमन लिपीतच जाणार आहे. पासपोर्ट, विमानाचं तिकीट, बँकेचं खातं, परदेशातलं विद्यापीठ यांतलं काहीच देवनागरीत नसतं. पासपोर्टच्या तळाशी यंत्राने वाचायच्या ज्या दोन ओळी असतात, त्यांत तर नाव फक्त साध्या रोमन मोठ्या अक्षरांतच बसतं. उच्चार दाखवणाऱ्या खुणांनाही तिथे जागा नाही. मग जिथे देवनागरी कुणी वाचणार नाही, तिथे तिच्यासाठी जीव का टाकायचा? आक्षेपातली वस्तुस्थिती मला पूर्ण मान्य आहे. पण त्यातून निघणारा निष्कर्ष उलटा आहे. रोमन अक्षरं आपल्या भाषेचे आवाज पुरते दाखवू शकत नाहीत, म्हणूनच तो आवाज नोंदवून ठेवणारं दुसरं काहीतरी हाताशी लागतं. जपानचं उदाहरण बघा. तिथल्या चित्रलिपीतल्या नावाचा उच्चार नुसत्या अक्षरांवरून खात्रीने कळत नाही. एकच नाव दोन-तीन प्रकारे वाचता येतं. हौशी आईबापांनी मनमानी उच्चार लावायला सुरुवात केल्यावर गोंधळ वाढला आणि अखेर मे २०२५ पासून कुटुंबनोंदणीत नावाचा उच्चार स्वतंत्रपणे लिहिण्याचा कायदा तिथे अमलात आला. जे मिळवण्यासाठी जपानला कायदा करावा लागला, ते आपल्या जन्मदाखल्यावर आधीपासून आहे: नावाचा उच्चार सांगणारी मराठी ओळ. आणि नेमकी तीच ओळ आपण न वाचता सही करतो.

आता खरा अवघड भाग, ज्ञ आणि ऋ. प्रज्ञा, सुज्ञा, ज्ञानदा ही नावं आपण ‘द्न्य’ अशा उच्चाराने म्हणतो, म्हणून रोमनमध्ये डी-एन-वाय लिहितो. महाराष्ट्राबाहेर या तीन अक्षरांपाशी प्रत्येक जण अडखळतो. हिंदी भाषक ‘ग्य’ म्हणतात, गुजराती ‘ग्न’, आणि संस्कृतच्या अभ्यासकांच्या पद्धतीत जे-एन येतं. पुण्यातली ज्ञानप्रबोधिनीसारखी नामवंत संस्थाही आपलं नाव जे-एन असंच लिहिते. मग आपल्या मुलीने जन्मभर डी-एन-वायचं ओझं का वाहावं? तिला दिल्लीत नोकरी करायची असेल, टोरांटोत शिकायचं असेल, तर जी-वायने तिचं जगणं सोपं होणार नाही का?

होईल, थोडं सोपं होईल. पण त्याची किंमत बघा. जी-वाय लिहिलेली प्रज्ञा पुण्याच्या वर्गातही ‘प्रग्या’ होते, कारण हजेरीपटावर जे दिसतं ते बाई वाचतात. घरी एक नाव, शाळेत दुसरं. परक्याने विचारलेल्या प्रश्नाला उत्तर देता येतं: ‘असं म्हणा.’ पण ज्याला आपण बरोबर वाचतोय अशी खात्री आहे, तो विचारतच नाही आणि चूक कायमची होऊन बसते. डी-एन-वायमुळे लोक थांबतात आणि विचारतात. हा त्रास आहे, रोजचाही असेल, पण त्या त्रासात तिचं नाव शाबूत राहतं. शिवाय ही रीत काही काल निघालेली नाही. अहमदनगरला १८४२ साली अमेरिकन मराठी मिशनने ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक सुरू केलं, पुण्यात १८४९ मध्ये ‘ज्ञानप्रकाश’ हे वृत्तपत्र निघालं; ही दोन्ही नावं रोमनमध्ये डी-एन-वायनेच रूढ झाली. मराठी माणसाने आपल्या कानावर विश्वास ठेवून केलेली ही सोय दीडशेहून अधिक वर्षं टिकली आहे. ऋचंही तेच. आपण ‘रुतुजा’सारखा उच्चार करतो, उत्तरेत ‘रितु’ म्हणतात. त्यांचा उच्चार त्यांच्या जागी चुकीचा नाही आणि आपला आपल्या जागी नाही. मग मराठी घरातल्या ऋतुजाने आर-आय कशासाठी लिहावं? बॉम्बेचं मुंबई १९९५ साली झालं. पूनाचं पुणे, ठाणाचं ठाणे, शोलापूरचं सोलापूर, किरकीचं खडकी आपण करून घेतलं, कारण गावाचं नाव गावकऱ्यांच्या तोंडात जसं आहे तसंच पाटीवर हवं, असा आपला आग्रह होता. गावांसाठी जो हट्ट धरला तो लेकीच्या नावासाठी धरायला संकोच का वाटावा?

अंकशास्त्राकडे येतो. आईबापांच्या काळजीची मी थट्टा करणार नाही. पहिलं मूल हातात आल्यावर त्याच्या वाट्याला काही वाईट येऊ नये म्हणून माणूस काय वाटेल ते करतो, आणि एक अक्षर वाढवल्याने ते टळणार असेल तर कोण वाढवणार नाही? पण सांगणाऱ्याला दोन प्रश्न जरूर विचारावेत. पहिला, अक्षरांना आकडे देणारा कुठला तक्ता? खाल्डियन म्हणवणाऱ्या तक्त्यात एच या अक्षराची किंमत पाच आहे, पायथागोरियन म्हणवणाऱ्या तक्त्यात आठ. एकाच मुलीचं एकच नाव एका तक्त्याने शुभ ठरतं आणि दुसऱ्याने अशुभ. दुसरा प्रश्न अधिक मुळाशी जातो. आय आणि जे, यू आणि व्ही ही अक्षरं इंग्रजी छपाईत सतराव्या शतकापर्यंत पुरती वेगळी झालेली नव्हती. युरोपातल्या छापखान्यांच्या सोयीने ठरलेल्या अक्षरांत वैजूच्या किंवा जुईच्या भाग्याचा आकडा कुठून आला? जन्मनक्षत्राच्या चरणावरून आद्याक्षर काढायची आपली जुनी रीत मानायची की नाही, हा ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा भाग. पण ती रीत निदान आवाजाला धरून आहे. बारशाला आत्या बाळाच्या कानात ‘कुर्रर्र’ करून नाव सांगते, तेव्हा ती अक्षरं मोजत नाही. बाळाला मिळतं ते ऐकू येणारं नाव.

वेगळेपणाचा मुद्दा यापेक्षा लवकर निकालात निघतो. एका वर्गात तीन आरोही असल्या आणि तिघींची स्पेलिंगं तीन प्रकारची असली, तरी बाईंनी ‘आरोही’ म्हटल्यावर तिघीही वळून बघणार. वेगळेपण डोळ्यांपुरतं राहतं, आणि ‘दोन ए, मग आर, मग ओ’ असं सांगत बसण्याचं काम मात्र जन्मभराचं. वेगळं नाव हवं असेल तर मराठीत नावांचा तुटवडा आहे का? शाल्मली, केतकी, मृण्मयी, रेवती, मंजिरी, अनसूया. आपल्या झाडांची, नद्यांची, नक्षत्रांची कितीतरी नावं धूळ खात पडली आहेत.

मात्र जोडून येणारा प्रत्येक ‘ए’ म्हणजे फॅड, असं म्हणणाऱ्या वडीलधाऱ्यांशीही माझं पटत नाही. आर्या हे नाव घ्या. शेवटी एकच ‘ए’ लिहिला तर यंत्र त्याचं ‘आर्य’ करतं, म्हणजे मुलीचा मुलगा होतो. आद्या, नव्या यांचीही तीच गत. अशा ठिकाणी शेवटचा दुहेरी ‘ए’ उच्चारासाठी आलेला आहे, तो योग्यच. कसोटी एकच लावावी: हे अक्षर मराठी उच्चार अधिक स्पष्ट करतं का? करत असेल तर ठेवा. आणि देवनागरीतही निवड करावी लागते, हे विसरू नये. मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या लेखननियमांप्रमाणे व्यक्तिनामंसुद्धा शेवटी दीर्घ लिहायची: श्रुती, अदिती, कीर्ती. संस्कृतात आणि हिंदीत ती ऱ्हस्व असतात. काही घरांत ‘मूळ शुद्ध रूप’ म्हणून मुद्दाम श्रुति लिहितात. त्यामागचा आदर मला कळतो, तरी मी दीर्घच लिहा म्हणेन, कारण उद्या शाळेतलं मराठीचं पुस्तक तिला तसंच शिकवणार आहे आणि स्वतःच्याच नावाच्या बाबतीत तिला अपवाद सांगत बसावं लागू नये.

एवढं सगळं म्हणताना यावर सरकारने नियम करावा, असं कुणी सुचवलं तर मी विरोधच करेन. लिपी राज्यकर्त्यांच्या हाती गेली की काय होतं, याचे दाखले कमी नाहीत. तुर्कस्तानात १९२८ च्या वर्णमालेच्या कायद्यात नसलेली क्यू, डब्ल्यू, एक्स ही अक्षरं कुर्दी आईबापांना मुलांच्या नावांत लिहू दिली जात नव्हती. ती बंदी २०१३ मध्ये उठली. आपल्या शेजारी गोव्यात १९६१ पर्यंत नोंदी पोर्तुगीज धाटणीने होत. तिथे ‘श’साठी एक्स आणि ‘के’साठी क्यू-यू-ई, केपे गावाचं रोमन रूप आजही क्यूनेच सुरू होतं. त्या नोंदवहीत शांता एक्सने लिहिलेली असते आणि पुढच्या इंग्रजी कागदांवर एस-एचने. आता नातवंडांना जुनी नोंद काढायची वेळ येते तेव्हा या दोघी एकच होत्या, हे शाबीत करत बसावं लागतं. तरीही आजीचं नाव काय होतं याबद्दल त्या घरात कुणालाही शंका नसते, कारण ते हाकेत आणि देवनागरीत जसंच्या तसं उरलेलं असतं. आनंदीबाई जोशींचं घ्या. अमेरिकेत त्यांचं आडनाव शेवटी दोन ई लावून लिहिलं गेलं, तेव्हाची रीतच तशी होती. १८८५ च्या त्या प्रसिद्ध छायाचित्राखाली तर आनंदीबाईंची ‘आनंदाबाई’ झालेली आहे. आज सहसा कुणी जोशी दोन ई लावत नाहीत. आज साधं वाटणारं रोमन रूपही शंभर वर्षांनी चमत्कारिक दिसू शकेल. देवनागरीतलं ‘आनंदीबाई जोशी’ मात्र तेव्हाही तेच होतं आणि आजही तेच आहे.

आणि आनंदीबाईंचं नाव निघालंच आहे तर मुलीच्याच नावाबद्दल मी एवढं का बोलतोय, तेही सांगतो. त्या जन्मल्या यमुना म्हणून. आनंदी झाल्या लग्नात. रमाबाई रानडेही माहेरच्या यमुनाच. गोदूबाई १८९३ मध्ये पुनर्विवाह करून कर्व्यांच्या घरी आल्या आणि आनंदीबाई झाल्या. तांदळाच्या ताटात अंगठीने नवं नाव लिहायचं आणि जुनं विसरायचं, ही आपल्याकडची रीत होती. अजून काही घरांत आहे. मुलाचं नाव जन्मभराचं, मुलीचं लग्नापर्यंतचं. नावाच्या हलगर्जीची याहून कठोर बाजूही आपल्याकडे आहे. सातारा जिल्ह्यात २०११ साली ‘नकुशा’ नाव लागलेल्या २८५ मुलींना समारंभ करून नवी नावं देण्यात आली. नकोशी झाली हे मुलीच्या नावातच लिहून ठेवणारा समाज आणि तिच्या नावाला सजवण्याची वस्तू समजणारा समाज सारखे आहेत, असं मी म्हणणार नाही; दुसऱ्यात प्रेम आहे आणि ते खरं आहे. पण दोन्हीकडे मुलगी ते नाव स्वतः वापरणार आहे, त्यावर सही करणार आहे, हा विचार मागे पडतो. माझ्या पाहण्यात तरी मुलांची नावं साधेपणाने लिहिली जातात आणि जादा अक्षरांची नक्षी मुलींच्या वाट्याला येते. वडिलांचं नाव जाऊन नवऱ्याचं येतं, आडनाव कधी बदलतं, कधी दोन्ही जोडली जातात. या सगळ्या उलथापालथीत तिच्यासोबत कायम राहू शकतं ते एवढं एकच नाव. ते तरी पहिल्या दिवसापासून पक्कं, एकाच रूपात आणि तिला स्वतःला न अडखळता सांगता येईल असं असायला नको का?

महाराष्ट्र शासनाच्या २०२४ च्या निर्णयाने या प्रश्नाला आणखी एक पदर जोडला आहे. १ मे २०२४ रोजी आणि त्यानंतर जन्मलेल्यांचं नाव शासकीय कागदपत्रांत बाळाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव या क्रमाने लिहायचं आहे. निर्णय उत्तम आहे, फार पूर्वी व्हायला हवा होता. त्याचा एक परिणाम असा, की आईच्या नावाचं स्पेलिंग आता तिच्या एकटीच्या कागदांपुरतं राहत नाही. दहावीच्या प्रमाणपत्रावर एक, आधारवर दुसरं आणि पॅनकार्डावर तिसरं असलेल्या आईला बाळाच्या कागदांसाठी त्यातलं कुठलं खरं, हे आधी ठरवावं लागतं. आज पाळण्यात असलेल्या मुलीचं नावही उद्या तिच्या मुलांच्या नावात दुसऱ्या क्रमांकावर लिहिलं जाणार आहे. म्हणून नोंदणीच्या खिडकीशी जाताना चिठ्ठीवर पहिल्या ओळीत नाव देवनागरीत, सुवाच्य अक्षरांत लिहून न्या. पडदा वळवून दाखवला की मराठीची चौकट आधी वाचा, मोठ्याने वाचा, आणि एखादा काना किंवा वेलांटी इकडची तिकडे झाली असेल तर ती दुरुस्त होईपर्यंत खिडकी सोडू नका.